लॉर्ड व्हायचे नव्हते म्हणून: टोनी बेन आणि १९६३ चा उमरावकी कायदा

१७ नोव्हेंबर १९६० रोजी पहिले व्हायकाउंट स्टॅन्सगेट वारले आणि त्याच क्षणी ब्रिस्टल साउथ-ईस्ट मतदारसंघाला खासदार उरला नाही. राजीनामा नाही, गुन्हा नाही, पक्षांतर नाही. त्या जागेचे खासदार अँथनी वेजवुड बेन हे वारलेल्या व्हायकाउंटांचे हयात मुलांपैकी थोरले, एवढेच कारण. वय ३५, सलग दहा वर्षे निवडून आलेले. वडिलांचा श्वास थांबला आणि मुलगा आपोआप दुसरा व्हायकाउंट स्टॅन्सगेट झाला. व्हायकाउंट म्हणजे उमराव, आणि उमरावाला हाऊस ऑफ कॉमन्समध्ये, म्हणजे निवडून आलेल्या खासदारांच्या सभागृहात, बसता येत नसे.

पुढे ज्यांना सगळे जग टोनी बेन म्हणून ओळखू लागले, त्यांची संसदीय कारकीर्द पन्नास वर्षांची आहे. पण ती समजून घ्यायची तर १९६० ते १९६३ ही तीन वर्षे आधी नीट पाहावी लागतात. ब्रिटनची राज्यघटना एका लेखी ग्रंथात नाही. ती रूढी, जुने निवाडे आणि सुटे कायदे यांत विखुरलेली आहे, आणि तिच्याशी भांडायचे म्हणजे नेमके काय करावे लागते हे या प्रकरणात पायरीपायरीने दिसते.

मुळात ही उमरावकी आली कुठून?

बेन घराणे काही शतकानुशतकांचे सरदार नव्हते. वडील विल्यम वेजवुड बेन आधी उदारमतवादी, नंतर मजूर पक्षाचे खासदार. १९२९ ते १९३१ या काळात ते भारतमंत्री होते. मिठाचा सत्याग्रह झाला आणि डॉ. आंबेडकर पहिल्या गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले तेव्हा भारताचा कारभार पाहणारे ब्रिटिश मंत्री हेच. १९३१ मध्ये गांधीजी लंडनला आले असताना सहा वर्षांचा टोनी त्यांना भेटला होता.

दुसऱ्या महायुद्धात संयुक्त सरकार होते आणि हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे उमरावांच्या सभागृहात, मजूर पक्षाची माणसे फारच कमी होती. संख्या वाढवण्यासाठी १९४२ मध्ये विल्यम बेन यांना व्हायकाउंट केले गेले. आज असे कुणाला लॉर्ड्समध्ये पाठवायचे तर हयातीपुरती उमरावकी देतात. ती सोय १९५८ च्या कायद्याने झाली. १९४२ मध्ये राजकारण्याला लॉर्ड्समध्ये बसवायचे तर वंशपरंपरागत किताब देणे हाच मार्ग होता. म्हणजे एका माणसाची तात्पुरती गरज भागवायला पुढच्या सगळ्या पिढ्या बांधून टाकायच्या. तेव्हा वारस होता थोरला मुलगा मायकेल. त्याला धर्मोपदेशक व्हायचे होते, त्यामुळे किताबाची अडचण नव्हती. पण मायकेल हवाई दलात वैमानिक होता आणि जून १९४४ मध्ये त्याचा मृत्यू झाला. वारसा टोनीकडे सरकला.

टोनी १९५० च्या पोटनिवडणुकीत ब्रिस्टलमधून कॉमन्समध्ये आले. स्टॅफर्ड क्रिप्स यांनी प्रकृतीमुळे सोडलेली ती जागा. 'क्रिप्स मिशन'वाले तेच क्रिप्स. वडील सत्तरी ओलांडलेले, त्यामुळे कारकिर्दीच्या पहिल्या दिवसापासून डोक्यावर टांगती तलवार होती. १९५५ मध्ये, वडील हयात असतानाच, आपल्यापुरता वारसा सोडता यावा म्हणून त्यांनी लॉर्ड्सकडे स्वतंत्र विधेयक नेले. लॉर्ड्सच्या समितीने ते नाकारले.

नियम नेमका काय होता

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. पहिली, उमराव असणे. हा दर्जा वारशाने, आपोआप येई; अर्ज करावा लागत नसे आणि नकारही देता येत नसे. दुसरी, लॉर्ड्समध्ये बसणे. त्यासाठी राजाचे किंवा राणीचे लेखी बोलावणे लागे आणि ते मागून घ्यावे लागे. बोलावणे न मागणारा उमराव लॉर्ड्समध्ये बसत नसे.

बेन यांनी बोलावणे मागितलेच नाही. त्यांचे म्हणणे असे: कॉमन्समधली अपात्रता बोलावण्यामुळे येते, कारण एकाच माणसाला दोन्ही सभागृहांत बसता येणार नाही. मी दुसऱ्या सभागृहात जातच नाही, मग इथून मला काढता कशाला?

या युक्तिवादाला लहान मुलालाही पटेल असा साधेपणा आहे. कायद्यात मात्र त्याच्या विरुद्ध तीनशे वर्षांचे निवाडे उभे होते. १६७८ च्या परबेक प्रकरणात लॉर्ड्सनी ठरवले होते की उमरावकी परत करता येत नाही, राजाकडेसुद्धा नाही. १८९५ मध्ये व्हायकाउंट वोल्मर यांनी वडिलांच्या मृत्यूनंतर कॉमन्समध्ये राहण्याचा प्रयत्न केला, तोही फसला. त्या खटपटीत त्यांच्या जोडीला जॉर्ज कर्झन होते. बंगालची फाळणी करणारे व्हाइसरॉय म्हणून आपण त्यांना ओळखतो. तेही एका लॉर्डचे थोरले चिरंजीव. पुढे व्हाइसरॉय म्हणून निघताना किताब घ्यायची वेळ आली तेव्हा कर्झन यांनी मुद्दाम आयर्लंडची उमरावकी घेतली. आयरिश उमरावाला ब्रिटनमधल्या मतदारसंघातून कॉमन्समध्ये येण्याची पळवाट होती, म्हणून. उपयोग झाला नाही. १९२३ मध्ये पंतप्रधानपद हाताशी आले असताना ते लॉर्ड्समध्ये होते आणि पद कॉमन्समधल्या बाल्डविन यांना मिळाले.

लढाई: कुठे काय अडले

नोव्हेंबर १९६० मध्ये बेन यांनी त्यागपत्र लिहिले आणि वडिलांना मिळालेली सनद राजवाड्याकडे परत पाठवली. प्रकरण कॉमन्सच्या विशेषाधिकार समितीकडे गेले. १९६१ च्या वसंतात समितीने सांगितले की त्यागपत्राला कायद्यात काडीची किंमत नाही, जागा रिकामी आहे. एप्रिलमध्ये सभागृहाने ते मान्य केले. हुजूर पक्षाचे बहुमत होते, त्यामुळे फारसे आश्चर्य नाही.

आता पोटनिवडणूक लागणार. इथे बेन यांनी जी चाल केली ती सगळ्या प्रकरणातली सर्वांत हुशार चाल, असे आम्हाला वाटते. ते स्वतःच उमेदवार म्हणून उभे राहिले. अपात्र ठरलेला माणूस उभा राहू कसा शकतो? कारण ब्रिटनमध्ये निवडणूक अधिकारी फक्त अर्ज रीतसर भरला आहे का ते पाहतो. त्या काळी दहा मतदारांच्या सह्या आणि १५० पौंड अनामत. उमेदवार खासदार होण्यास पात्र आहे की नाही, हे तपासण्याचा अधिकार त्याला नाही. तो प्रश्न निवडून आल्यानंतरचा.

विरोधात होते हुजूर पक्षाचे माल्कम सेंट क्लेअर. गंमत म्हणजे तेही एका लॉर्डचे संभाव्य वारस होते. त्यांच्या बाजूने मतदारांना जाहीर सूचना दिली गेली की बेन अपात्र आहेत, त्यांना दिलेले मत वाया जाईल. हा नुसता प्रचार नव्हता, ती कायदेशीर पेरणी होती. तिचे पीक पुढे कोर्टात आले.

४ मे १९६१ ला मतदान झाले. बेन २३,२७५, सेंट क्लेअर १०,२३१. १९५९ मध्ये बेन यांचे मताधिक्य ५,८२७ होते, ते १३,०४४ झाले. चार दिवसांनी निवडून आल्याचा कागद घेऊन ते कॉमन्सच्या दाराशी गेले. सभापतींच्या हुकमावरून द्वारपालाने त्यांना आत सोडले नाही.

पुढचा टप्पा निवडणूक न्यायालय. निकालानंतर २१ दिवसांच्या आत पराभूत उमेदवार निवडणूक याचिका दाखल करू शकतो आणि ती उच्च न्यायालयाचे दोन न्यायाधीश ऐकतात. सेंट क्लेअर यांनी ती केली. बेन यांनी मोठा वकील न देता स्वतःच बाजू मांडली. मायकेल झँडर हे तरुण कायदेतज्ज्ञ मदतीला होते. जुलैअखेर निकाल आला, आणि त्यात दोन मुद्दे होते:

- अपात्रता बोलावण्यामुळे नाही, उमराव असण्यामुळेच येते. बोलावणे मागा अगर मागू नका, तुम्ही कॉमन्सला अपात्र.
- मतदारांना उमेदवार अपात्र असल्याची आणि त्यामागच्या वस्तुस्थितीची पुरेशी कल्पना असूनही त्यांनी त्याला मत दिले, तर ते मत फेकून दिले असे धरायचे.

दुसऱ्या मुद्द्यामुळे फेरनिवडणूक झाली नाही. २३,२७५ मते हिशेबातून गेली आणि १०,२३१ मतांवर सेंट क्लेअर खासदार झाले. ती जाहीर सूचना नसती तर कदाचित जागा रिकामी ठरून नव्याने मतदान झाले असते. खर्चाचा बोजाही बेन यांच्यावर पडला, साडेसात हजार पौंडांच्या आसपास. त्या काळी ती एका घराची किंमत सहज भरावी एवढी रक्कम. त्यासाठी वर्गणी काढावी लागली आणि तिला विरोधी पक्षातल्या लोकांनीही हातभार लावला.

कायद्याच्या दृष्टीने बेन प्रत्येक पायरीवर हरले. समितीत हरले, सभागृहात हरले, कोर्टात हरले. पण दर हारीबरोबर नियमाचा विचित्रपणा आणखी चव्हाट्यावर आला. दुप्पट मते मिळवलेला माणूस दाराबाहेर आणि हरलेला आत, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही समजावून सांगावे लागत नाही. सेंट क्लेअर यांचा इथे मोठेपणा असा की, कायदा बदलून बेन पात्र झाले तर आपण जागा सोडू, असा शब्द त्यांनी दिला होता. तो त्यांनी पुढे पाळला.

दाराबाहेरच्या या काळातही बेन ब्रिस्टलमध्ये गप्प नव्हते. एप्रिल १९६३ मध्ये तिथल्या बस कंपनीने कृष्णवर्णीय आणि आशियाई लोकांना चालक-वाहक म्हणून घ्यायला नकार दिल्यावर बहिष्काराचे आंदोलन उभे राहिले. बेन त्याच्या बाजूने उघडपणे उभे राहिले. ऑगस्टअखेर कंपनीने बंदी उठवली आणि सप्टेंबरमध्ये पहिला गौरेतर वाहक कामावर रुजू झाला. तो शीख होता.

कायदा झाला कसा, आणि कुणाच्या कामी आला

मॅकमिलन सरकारने दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमली. तिने १९६२ च्या अखेरीस शिफारस केली की वारसाला उमरावकी सोडण्याची मुभा असावी. १९६३ च्या विधेयकात सरकारने ही मुभा पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ठेवली होती. लॉर्ड्सनी दुरुस्ती करून ती राणीची संमती मिळताच लागू केली. वरवर क्षुल्लक दुरुस्ती. हिच्यामुळे ब्रिटनचा पंतप्रधान बदलला.

३१ जुलै १९६३ च्या संध्याकाळी संमती मिळाली. ६ वाजून २२ मिनिटांनी बेन यांनी त्यागपत्रावर सही केली; असे करणारे ते पहिले. आता सेंट क्लेअर यांनी जागा सोडायची. पण ब्रिटिश खासदाराला सरळ राजीनामा देता येत नाही. त्यासाठी राजाच्या चाकरीतले 'चिल्टर्न हंड्रेड्स' किंवा 'मॅनर ऑफ नॉर्थस्टेड' असे नावापुरते पद मागून घ्यायचे. ते पद घेतले की खासदारकी जाते. तसे झाले. २० ऑगस्टच्या पोटनिवडणुकीत हुजूर आणि उदारमतवादी दोघांनीही उमेदवार दिला नाही आणि बेन ८० टक्क्यांच्या आसपास मते घेऊन परतले.

दोनच महिन्यांनी मॅकमिलन आजारपणामुळे पायउतार झाले. वारसदारांत दोन लॉर्ड होते, हेल्शम आणि होम. कायदा पुढच्या निवडणुकीपासून लागू झाला असता तर दोघेही स्पर्धेबाहेर. १९ ऑक्टोबरला लॉर्ड होम पंतप्रधान झाले, चार दिवसांनी त्यांनी आपली अर्लकी सोडली आणि ७ नोव्हेंबरला स्कॉटलंडमधून पोटनिवडणूक जिंकून सर अ‍ॅलेक डग्लस-होम म्हणून कॉमन्समध्ये बसले. मधले काही दिवस ब्रिटनचे पंतप्रधान कोणत्याच सभागृहात नव्हते. डाव्या खासदाराने पाडलेल्या भिंतीतून पहिल्यांदा हुजूर पक्षाची मिरवणूक गेली. बेन यांच्यावर याचा दोष देणारे तेव्हाही होते, पण तो दोष काही पटत नाही. दार उघडे झाले की कोण कोण जाणार हे उघडणाऱ्याच्या हातात नसते.

त्याग म्हणजे नक्की काय सुटते?

१९६३ च्या कायद्याविषयी एक गैरसमज हमखास असतो की त्याने किताब संपतो. तसे नाही.

वारशाने उमराव झालेल्याला १२ महिन्यांची मुदत आहे. तो आधीच खासदार असेल तर १९९९ पर्यंत फक्त एक महिना मिळे. त्या महिन्यात तो अपात्र धरला जात नसे, पण सभागृहात बसता वा मत देता येत नसे. मुदत चुकली की संधी गेली. सही केलेले पत्र लॉर्ड चॅन्सेलरकडे द्यायचे. एकदा दिलेले पत्र मागे घेता येत नाही. पत्नीचा किताबही त्याबरोबर जातो, आणि त्या माणसाला पुन्हा कधी वंशपरंपरागत उमरावकी देता येत नाही. हयातीपुरती मात्र देता येते, आणि होम व हेल्शम दोघेही पुढे तशाच मार्गाने लॉर्ड्समध्ये परतले. ज्याला किताब स्वतःच नव्याने मिळाला आहे, वारशाने नाही, त्याला या कायद्याखाली तो सोडता येत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे: त्याग फक्त त्या माणसाच्या हयातीपुरता. किताब झोपतो, मरत नाही. १४ मार्च २०१४ ला टोनी बेन गेले आणि थोरला मुलगा स्टीफन तिसरा व्हायकाउंट स्टॅन्सगेट झाला. २०२१ मध्ये तो लॉर्ड्समध्ये जाऊन बसलाही. दुसरा मुलगा हिलरी १९९९ पासून कॉमन्समध्ये आहे. बेन यांचे काही चाहते स्टीफनवर नाराज झाले, पण त्यागाचा हक्क म्हणजे त्यागाची सक्ती नव्हे.

पुढची कारकीर्द, थोडक्यात

१९६४ मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला तेव्हा बेन पोस्टमास्टर जनरल, म्हणजे टपाल खात्याचे मंत्री, झाले. तिकिटांवरून राणीचे डोके काढावे असा त्यांचा बेत होता. राजवाडा कचरला, तोडगा म्हणून विशेष तिकिटांवर कोपऱ्यात राणीची छोटी छायाकृती आली, ती राणीच्या हयातभर राहिली. मग तंत्रज्ञान मंत्री, तिथे कॉन्कॉर्ड या स्वनातीत प्रवासी विमानाचे काम. १९७४ मध्ये उद्योगमंत्री. युरोपीय समुदायात राहायचे की नाही यावर सार्वमत घ्यावे ही मागणी पक्षात रेटण्यात त्यांचा मोठा वाटा. ५ जून १९७५ चे ते सार्वमत बाहेर पडण्याच्या बाजूचे बेन स्वतः हरले, ६७ टक्के लोक राहण्याच्या बाजूने गेले, आणि पंतप्रधान विल्सन यांनी लगेच त्यांना उद्योग खात्यातून ऊर्जा खात्यात हलवले.

१९८१ ची पक्षाच्या उपनेतेपदाची निवडणूक जरा थांबून पाहण्यासारखी आहे. तोपर्यंत नेता-उपनेता फक्त खासदार निवडत. नव्या पद्धतीत ४० टक्के वजन कामगार संघटनांना, ३० टक्के खासदारांना, ३० टक्के मतदारसंघांतल्या शाखांना. ही पद्धत आणण्यात बेन गटाचाच जोर होता. दुसऱ्या फेरीत डेनिस हीली ५०.४२६ टक्के, बेन ४९.५७४. एक टक्काही अंतर नाही. शाखा भरभरून बेन यांच्या बाजूने होत्या. अडले ते खासदारांत आणि काही मोठ्या संघटनांत. नील किनॉक यांच्यासारख्या डाव्या खासदारांनी दुसऱ्या फेरीत मतच दिले नाही, आणि एवढ्या कमी फरकात ते पुरेसे ठरले.

१९८३ मध्ये मतदारसंघांच्या सीमा बदलल्या. सुरक्षित जागा शोधण्याऐवजी बेन ब्रिस्टलच्याच नव्या पूर्व मतदारसंघातून उभे राहिले आणि हरले. पुढच्या मार्चमध्ये चेस्टरफिल्डच्या पोटनिवडणुकीतून परत आले आणि २००१ पर्यंत खासदार राहिले. कोणत्याही सत्ताधाऱ्याला पाच प्रश्न विचारावेत असे ते सांगत: तुमच्याकडे कोणती सत्ता आहे, ती कुठून मिळाली, कोणाच्या हितासाठी वापरता, कोणाला उत्तरदायी आहात, आणि तुम्हाला काढायचे कसे. ब्रिस्टलच्या मतदारांकडे १९६१ मध्ये शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होते, पण तो अधिकार चालवू दिला गेला नाही, हे पाहिले की या पाचांमागचा राग कुठून आला ते कळते.

बेन ज्या नियमाशी भांडले तो १९९९ मध्ये जवळजवळ निरर्थक झाला. त्या वर्षीच्या कायद्याने बहुतेक वंशपरंपरागत उमराव लॉर्ड्समधून बाहेर पडले आणि त्यांना कॉमन्सला उभे राहण्याची मोकळीक मिळाली. लॉर्ड हेल्शम यांचे चिरंजीव डग्लस हॉग २००१ मध्ये खासदार असतानाच व्हायकाउंट झाले आणि जागचे हललेही नाहीत. त्याच वर्षी व्हायकाउंट थर्सो किताब न सोडता कॉमन्सवर निवडून आले. पुढे त्यांची खासदारकी गेली आणि २०१६ मध्ये ते लॉर्ड्समध्ये वंशपरंपरागत उमरावांसाठी उरलेल्या थोड्या जागांपैकी एकीच्या पोटनिवडणुकीत उभे राहिले. उमेदवार सात होते आणि मतदार तीन. तिन्ही मते त्यांना मिळाली.